फ्लॅशमन आणि जॉर्ज मॅकडोनाल्ड फ्रेझर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत फाउंटनच्या फूटपाथवर मला मिळालेल्या 'फ्लॅशमन' या इंग्रजी कादंबरीच्या प्रतीचा कणा मोडलेला होता आणि शेवटच्या टिपांची पानं सुटी होऊन रबरबँडने बांधलेली होती. आधीच्या मालकाने पुस्तक कसं वाचलं होतं, हे त्यावरूनच कळलं. तेव्हापासून ज्याला-त्याला हे पुस्तक वाच म्हणून मागे लागतो, आणि मग तेच ते प्रश्न परत येतात. ते इथे एकत्र केले आहेत. क्रमाने वाचायची गरज नाही. एकाचं उत्तर दुसऱ्यात असेल तिथे तसं लिहिलं आहे.

१. हा फ्लॅशमन कोण? खरोखर होऊन गेला का?

नाही. सर हॅरी पॅजेट फ्लॅशमन हे पूर्ण काल्पनिक पात्र आहे. जन्म १८२२, मृत्यू १९१५. ब्रिटिश सैन्यातला अधिकारी, छातीवर व्हिक्टोरिया क्रॉस, नावामागे 'सर', सगळ्या इंग्लंडच्या लेखी शूरवीर. प्रत्यक्षात पहिल्या नंबरचा पळपुटा, थापाड्या आणि बाईलवेडा. म्हातारपणी तो आपल्या आठवणी लिहितो आणि त्यात सगळं कबूल करून टाकतो. या कादंबऱ्या म्हणजे त्या आठवणी.

पात्र फ्रेझरने शून्यातून निर्माण केलेलं नाही. १८५७ साली टॉमस ह्यूज यांची 'टॉम ब्राउन्स स्कूल डेज' ही रग्बी शाळेवरची कादंबरी आली. त्यात लहान मुलांना छळणारा फ्लॅशमन नावाचा दांडगट मुलगा आहे. दारू पिऊन तर्र झालेला सापडतो आणि मुख्याध्यापक अर्नल्ड त्याला शाळेतून काढून टाकतात. ह्यूजसाहेबांनी त्याला तिथेच सोडला. हे कार्टं पुढे मोठं होऊन काय झालं असेल, असा प्रश्न फ्रेझरला पडला.

२. लेखकाबद्दल थोडं सांगा.

जॉर्ज मॅकडोनाल्ड फ्रेझर. जन्म २ एप्रिल १९२५, इंग्लंडच्या उत्तर टोकाला, स्कॉटलंडच्या सीमेजवळच्या कार्लाइल गावात. आईवडील स्कॉटिश. वडील डॉक्टर, आई नर्स. यानेही डॉक्टर व्हावं अशी घरच्यांची इच्छा, पण मार्क पडले नाहीत. १९४३ मध्ये सैन्यात भरती झाला आणि बॉर्डर रेजिमेंटमधून थेट ब्रह्मदेशात, जनरल स्लिमच्या चौदाव्या आर्मीतल्या सतराव्या इंडियन डिव्हिजनमध्ये पोचला. तिथे त्याला अनेकदा लान्स कॉर्पोरल केलं आणि अनेकदा ती फीत काढूनही घेतली. एकदाचं कारण तर हे, की त्याने पलटणीचं चहाचं पिंप हरवलं. नायकाच्या पराक्रमाकडे तिरक्या नजरेने बघायची सवय बहुधा इथूनच लागली असावी, हा माझा अंदाज.

पुढे तो गॉर्डन हायलँडर्समध्ये अधिकारी झाला, मग पत्रकार. ग्लासगो हेरल्डमध्ये डेप्युटी एडिटरच्या पदापर्यंत चढला. नोकरीला कंटाळून रात्री घरी आल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर पहिली कादंबरी लिहिली. मध्येच हात मोडला आणि लिखाण बाजूला पडलं. बायकोने, कॅथलीनने, अर्धवट हस्तलिखित वाचलं आणि पूर्ण करायला लावलं. १९६९ मध्ये पुस्तक आलं, त्याच सुमारास नोकरी सोडून सगळं कुटुंब आइल ऑफ मॅन बेटावर राहायला गेलं. २ जानेवारी २००८ रोजी तो गेला, वय ८२.

३. पण पुस्तकाच्या सुरुवातीला तर लिहिलंय की ही कागदपत्रं एका लिलावात सापडली!

हीच तर पहिली थाप. प्रस्तावना सांगते, की १९६५ मध्ये लेस्टरशरमधल्या ॲशबी इथे घरसामानाच्या विक्रीत एका चहाच्या खोक्यात मेणकापडात गुंडाळलेली हस्तलिखितं मिळाली. फ्रेझर स्वतःला फक्त संपादक म्हणवतो. 'मी स्पेलिंग सुधारली, टिपा दिल्या, बाकी सगळं फ्लॅशमनचं.' आपल्याकडे कुणी वाड्याच्या माळ्यावर बासनात बांधलेली बखर सापडल्याचा आव आणून कादंबरी लिहावी, तसा प्रकार.

आव इतका बेमालूम होता की अमेरिकेतल्या काही परीक्षकांनी ते खरं आत्मचरित्र समजून गंभीर परीक्षणं लिहिली. त्यांना हसायचं कारण नाही. मीही पहिली पंचवीसेक पानं चाचपडतच वाचली होती.

४. एकूण पुस्तकं किती? सुरुवात कुठून करू?

बारा. पहिलं १९६९ चं 'फ्लॅशमन', शेवटचं २००५ चं 'फ्लॅशमन ऑन द मार्च'. सुरुवात पहिल्यापासूनच करा, त्याला पर्याय नाही. स्वभाव, लग्न, खोटी कीर्ती, सगळ्याचा पाया तिथे आहे. त्यानंतर उड्या मारल्या तरी चालतं.

माझं वैयक्तिक मत विचाराल तर दुसरं 'रॉयल फ्लॅश' तूर्त राहू द्या. बिस्मार्क आणि जर्मन संस्थानांचा घोळ आपल्याला तितका जवळचा नाही. 'फ्लॅशमन ॲट द चार्ज' (१९७३) आणि लगेच 'फ्लॅशमन इन द ग्रेट गेम' (१९७५) ही जोडी घ्या. पहिल्यात क्रिमियाचं युद्ध, दुसऱ्यात १८५७. खलनायक काउंट इग्नात्येव्ह दोन्हीकडे आहे, म्हणून क्रम मोडू नका. कालक्रमाने वाचायचं असेल तर प्रश्न १३ पाहा.

५. इतक्या नालायक माणसाची गोष्ट वाचण्यात मजा काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. उत्तरादाखल पहिल्या पुस्तकातले दोन प्रसंग सांगतो.

एक. तरुण फ्लॅशमन एका सहकाऱ्याच्या बाईवर डोळा ठेवतो आणि प्रकरण पिस्तुलाच्या द्वंद्वापर्यंत जातं. समोरचा माणूस नेमबाज. आपला वीर रात्रभर घामाघूम. मग तो पिस्तुलं भरणाऱ्या माणसाला मोठ्या रकमेचं आमिष दाखवतो: प्रतिस्पर्ध्याच्या पिस्तुलात गोळीच घालायची नाही. सकाळी समोरच्याचा बार फुसका जातो. फ्लॅशमन उदार चेहरा करून आपली गोळी मुद्दाम भलतीकडे झाडतो, आणि ती नेमकी डॉक्टरच्या बाटलीचं तोंड उडवते. झालं! काय नेम, काय मनाचा मोठेपणा! गावभर बोलबाला. लाचेचे पैसे? ते तो देत नाहीच. तक्रार करायची कुणाकडे?

दोन. जलालाबादजवळचा छोटा किल्ला, अफगाणांचा वेढा, आत मोजके शिपाई. फ्लॅशमन तापाचं निमित्त करून पडून. शेवटी सगळे मेल्यावर एकटा सार्जंट हडसन लढतोय, आणि हा निशाण उतरवून शत्रूच्या हवाली करायला निघतो, म्हणजे जीव तरी वाचेल. मदतीची फौज पोचते तेव्हा ढिगाऱ्यात काय दिसतं? निशाण कवटाळून बेशुद्ध पडलेला हॅरी फ्लॅशमन. निशाणासाठी प्राण पणाला लावणारा वीर! खरं सांगू शकणारा हडसन मेलेला.

मजा आहे ती या दोन्हींच्या मधल्या फटीत. जगाने काय पाहिलं आणि खरं काय घडलं. भीतीने त्याचा चेहरा पांढरा न पडता लाल होतो, त्यामुळे लोकांना वाटतं साहेब रागाने पेटले आहेत. आणि जन्मभर सगळ्यांना फसवणारा हा माणूस कागदावर मात्र स्वतःला एकदाही सूट देत नाही. आपल्याकडच्या किती आत्मचरित्रांबद्दल असं म्हणता येईल?

६. यातला इतिहास कितपत खरा असतो? मागच्या टिपा वाचायच्या का?

टिपा वाचायच्याच. फ्लॅशमन खोटा, पण त्याच्याभोवतीचं जग खरं. १८४२ ची इंग्रजांची काबूलहून माघारच घ्या. साडेचार हजारांच्या आसपास सैन्य, बारा हजारांच्या आसपास बाजारबुणगे, बर्फात कापले गेले, आणि १३ जानेवारीला डॉक्टर ब्रायडन एकटा अर्धमेल्या घोड्यावरून जलालाबादला पोचला. हे सगळं फ्रेझर पाठ्यपुस्तकापेक्षा चोख सांगतो. सेनापती एल्फिन्स्टनचा नेभळटपणा तर असा रंगवलाय की चीड येते.

टिपांमध्ये 'संपादक' फ्रेझर कधी फ्लॅशमनला दुजोरा देतो, कधी 'इथे त्याची तारीख चुकली आहे' म्हणून कान उपटतो. आपणच रचलेल्या पात्राच्या चुका आपणच काढायच्या, ही गंमत टिपा वगळणाऱ्याच्या हाती लागत नाही. एक पथ्य पाळा: फ्लॅशमनने खोलीत एकांतात ऐकलेलं कुठलंही संभाषण इतिहास म्हणून कुणाला सांगू नका.

७. भारताशी संबंध असलेली पुस्तकं कोणती?

थेट भारतात घडणारी दोन. 'इन द ग्रेट गेम' म्हणजे १८५७, त्याबद्दल प्रश्न ८ मध्ये सविस्तर. दुसरं 'फ्लॅशमन अँड द माउंटन ऑफ लाइट' (१९९०). यात १८४५-४६ चं पहिलं इंग्रज-शीख युद्ध, लाहोरचा दरबार, महाराणी जिंद कौर आणि कोहिनूर आहे. खालसा फौज जिवावर उदार होऊन लढते आहे, आणि तिचेच सेनापती लाल सिंग व तेज सिंग आतून इंग्रजांना सामील. फिरोजशहाच्या लढाईचं वर्णन तर मी दोनदा वाचलं. स्कॉटिश चौकड्यांच्या कापडाचे कपडे घालून फिरणारा गोरा तोफखाना अधिकारी अलेक्झांडर गार्डनर यात भेटतो, आणि तो खरा होता! त्या वेशातलं त्याचं छायाचित्र उपलब्ध आहे.

पहिल्या पुस्तकात कलकत्त्याचा मुक्काम आहे. आणि मुंबईकरांनी 'ऑन द मार्च' सोडू नये. त्यातली १८६७-६८ ची ॲबिसिनिया मोहीम मुंबई आर्मीचे सरसेनापती रॉबर्ट नेपियर यांची. फौजफाटा मुंबईहून जहाजांनी निघाला. तोफा वाहायला ४४ हत्तीसुद्धा नेले. समुद्र ओलांडून आफ्रिकेच्या डोंगरात चढणारे हत्ती, ही फ्रेझरच्या कल्पनेची भरारी नव्हे.

८. झाशीच्या राणीबद्दल काय लिहिलंय? वाचून राग येईल का?

काही पानांवर येईल. आधीच सांगून ठेवतो.

गोष्ट अशी: १८५६ मध्ये पंतप्रधान पामर्स्टन फ्लॅशमनला स्कॉटलंडमधल्या बाल्मोरल राजवाड्यात बोलावतो आणि त्याच्यापुढे चपात्या ठेवतो. हिंदुस्थानात गावोगाव या फिरताहेत, जा आणि काय शिजतंय ते बघ. फ्लॅशमन झाशीला पोचतो, राणी लक्ष्मीबाईंना भेटतो, आणि अर्थातच भाळतो. एका रात्रीचा शृंगारिक प्रसंग आहे. त्याला पुरावा फक्त फ्लॅशमनच्या शब्दाचा, आणि त्याचा शब्द काय लायकीचा ते एव्हाना कळलं असेलच. तरीही ज्या घरात राणीची तसबीर आहे तिथे हे खटकणार. मलाही खटकलं. फ्रेझरला हा प्रसंग टाळता आला असता आणि कादंबरीचं काही बिघडलं नसतं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. अख्ख्या मालिकेत फ्लॅशमनला मनापासून आदर वाटतो अशी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि राणी त्यांत वरच्या जागी. दत्तक वारस नामंजूर करून १८५४ मध्ये झाशी खालसा केली, तो अन्याय राणी त्याला तोंडावर सुनावते आणि त्याच्याजवळ उत्तर नसतं. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरपाशी तिचा शेवट तो डोळ्यांनी पाहतो. त्या दोन पानांत एकही विनोद नाही.

झाशीखेरीज मेरठ आहे: मकर्रम खान नावाने पठाणी वेश घेऊन तो तिसऱ्या घोडदळात साधा स्वार म्हणून भरती होतो, आणि ९ मे रोजी ८५ स्वारांना बेड्या ठोकल्या जातात ते रांगेत उभा राहून बघतो. गोऱ्या अधिकाऱ्याला शिपायाच्या जागी उभं करायची ही युक्ती मला संपूर्ण मालिकेतली सर्वात हुशार वाटते. पुढे कानपूर, सतीचौरा घाट, लखनौ. येवल्याचे तात्या टोपे आणि नानासाहेब पेशवेही येतात, पण नानासाहेब फिकेच उतरले आहेत. आणि शेवटी स्वतः फ्लॅशमन बंडवाला समजून तोफेच्या तोंडाला बांधला जातो, तेव्हा इंग्रजांनी काय शिक्षा दिल्या हे इंग्रज वाचकाला टाळता येत नाही.

९. मी गोडसे भटजींचं 'माझा प्रवास' वाचलंय. तेच प्रसंग यात आहेत का?

प्रसंग काही तेच, बाज पूर्ण वेगळा. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले आणि झाशीच्या वेढ्यात सापडले. त्यांची हकीकत खरी, फ्लॅशमनची रचलेली. पण दोन्ही लागोपाठ वाचून पाहाच. दोघेही लढवय्ये नव्हेत, दोघेही जीव वाचवायच्या धडपडीत, दोघेही घाबरल्याचं लपवत नाहीत. फरक इतकाच की भटजी सज्जन आहेत.

शहर पडल्यावरचं 'बिजन', म्हणजे सरसकट कत्तल, भटजींनी लपून राहून अनुभवलं. पुढे काल्पीच्या वाटेवर राणी त्यांना विहिरीपाशी भेटते. भटजी पाणी काढायला पुढे होतात, तर तहानलेली राणी त्यांना अडवते आणि स्वतःच्या हाताने पाणी काढून पिते. त्या ओंजळभर पाण्यापुढे फ्रेझरचे दोन-तीन भरजरी प्रसंग उणे पडतात, हे त्याचा चाहता असूनही मान्य करतो.

१०. थोडक्यात, हा लेखक साम्राज्याची टिंगल करतो की भलामण?

पुस्तकं टिंगल करतात. लेखक स्वतः साम्राज्याचा अभिमान बाळगणारा, जुन्या वळणाचा, राजकारणात कडवा परंपरावादी होता. आपल्या मतांबद्दल त्याने कधी आडपडदा ठेवला नाही. २००२ च्या 'द लाइट्स ऑन ॲट साइनपोस्ट' या आठवणींच्या पुस्तकात तर तो पानोपानी कुरकुरतो. तरी त्याच्याच लेखणीतून आलेले गव्हर्नर, जनरल, मिशनरी बघा: मूर्ख, हेकट, ढोंगी. माणसाची मतं एकीकडे आणि कथाकाराची नजर दुसरीकडे, असं होतं. डाव्यांनी त्याला साम्राज्यविरोधी समजून डोक्यावर घेतलं की त्याला ते आवडायचं नाही.

११. कॉलेजमधल्या मुलीला भेट द्यावं का?

पहिलं पुस्तक देण्याआधी स्वतः वाचा. त्यात फ्लॅशमन नरीमन नावाच्या अफगाण नर्तकीवर बलात्कार करतो. तो प्रसंग विनोदी नाही आणि पुढे त्याची किंमत त्याला मोजावी लागते, पण हलका अजिबात नाही. शिवाय काळ्या माणसांबद्दल, 'नेटिव्हां'बद्दल त्या काळचे सगळे घाणेरडे शब्द जसेच्या तसे येतात, विशेषतः गुलामांच्या व्यापारावरच्या 'फ्लॅश फॉर फ्रीडम!' (१९७१) मध्ये. गुलामजहाजावरची पानं इतकी थंडपणे लिहिली आहेत की हसू घशात अडकतं.

अठरा वर्षांवरच्या, वाचनाची सवय असलेल्या मुलीला किंवा मुलाला द्यायला हरकत नाही. शाळकरी मुलांना नको.

१२. इंग्रजी झेपेल का?

पन्नास पानं रेटा. व्हिक्टोरियन काळातली बोली आणि घोडदळाची शिवराळ भाषा आहे, शब्दकोश हाताशी लागेल. पण आपल्याला एक फायदा आहे: हवालदार, सवार, बदमाश, जवान, शाबास असे शब्द इंग्रज वाचकाला अडखळवतात आणि आपण ते हसत ओलांडतो. स्पेलिंग मात्र कंपनी सरकारच्या काळातलं, मोठ्याने वाचलं की कळतं.

१३. तारखा जुळत नाहीत. एकाच वेळी तो दोन ठिकाणी कसा?

बहुतेक वेळा तो दोन ठिकाणी नसतोच. पुस्तकं ज्या क्रमाने छापली गेली त्या क्रमाने घडत नाहीत, म्हणून गोंधळ होतो. सगळ्यात फसवं 'रॉयल फ्लॅश': त्याचा पहिला भाग १८४२-४३ चा आणि दुसरा १८४७-४८ चा. मधल्या वर्षांत 'फ्लॅशमन्स लेडी' (बोर्निओ आणि मादागास्कर) आणि लगेच 'माउंटन ऑफ लाइट' बसतं. 'फ्लॅश फॉर फ्रीडम!' जिथे संपतं तिथे 'फ्लॅशमन अँड द रेडस्किन्स' सुरू होतं, पण त्याचा उत्तरार्ध एकदम १८७६ च्या लिटल बिगहॉर्नच्या लढाईला उडी मारतो. १८५७ नंतर 'फ्लॅशमन अँड द एंजल ऑफ द लॉर्ड' (अमेरिका, गुलामगिरीविरुद्ध लढणारा जॉन ब्राउन) आणि १८६० च्या चीनवरचं 'फ्लॅशमन अँड द ड्रॅगन'. 'फ्लॅशमन अँड द टायगर' ही एक सलग कादंबरी नसून त्यात तीन वेगवेगळ्या वर्षांच्या गोष्टी आहेत, ते कुठेही घाला.

जाता जाता: क्रिकेटवेड्यांनी 'लेडी'ची सुरुवात चुकवू नये. लॉर्ड्सवर फ्लॅशमन फेलिक्स, पिल्च आणि मिन या तीन खऱ्या दिग्गजांना लागोपाठ बाद करतो. एक कौशल्याने, एक नशिबाने, एक लबाडीने. आणि बायकोची, एल्स्पेथची, डायरी याच पुस्तकात मधूनमधून येते. तीच खरी वस्ताद आहे, असा संशय मला तिथेच आला.

१४. अमेरिकन यादवी युद्धावरचं पुस्तक कुठे मिळेल?

कुठेच नाही, कारण ते लिहिलंच गेलं नाही. तो त्या युद्धात दोन्ही बाजूंनी लढला, असे उल्लेख इतर पुस्तकांत विखुरलेले आहेत, म्हणून लोक शोधत राहतात. वाचक फ्रेझरच्या मागे शेवटपर्यंत लागले होते. तो काही बधला नाही.

१५. सिनेमा आहे का?

एकच. 'रॉयल फ्लॅश' (१९७५), दिग्दर्शक रिचर्ड लेस्टर, फ्लॅशमनच्या भूमिकेत माल्कम मॅकडॉवेल. बरा आहे, पण पुस्तकातला आवाज पडद्यावर येत नाही आणि आवाज गेला की उरतो नुसता धावपळीचा प्रहसनपट. पटकथाकार म्हणून फ्रेझरचं काम याहून सरस आहे: लेस्टरसाठीच लिहिलेला १९७३ चा 'द थ्री मस्केटिअर्स' पाहा. उदयपूरला चित्रित झालेल्या, कबीर बेदी आणि विजय अमृतराज असलेल्या 'ऑक्टोपसी' (१९८३) या बाँडपटाच्या लेखकांतही तो आहे.

१६. बाराही संपली. आता काय?

'क्वार्टर्ड सेफ आउट हिअर' (१९९२). ब्रह्मदेशातल्या युद्धाच्या त्याच्या स्वतःच्या आठवणी, प्रश्न २ मध्ये उल्लेख आहे त्या काळाच्या. मला विचाराल तर हे त्याचं सर्वोत्तम पुस्तक, फ्लॅशमनपेक्षाही. त्यानंतर हलकं काही हवं असेल तर लढाईनंतरच्या पलटणीतल्या, मकॉस्लन नावाच्या जगातल्या सर्वात घाणेरड्या शिपायाच्या गोष्टी, तीन संग्रह आहेत. मुष्टियोद्धा टॉम मॉलिनोवरची 'ब्लॅक एजॅक्स' (१९९७) घेतलीत तर त्यात आपल्या हॅरीचे तीर्थरूप भेटतील. खाण तशी माती.